दोन्ही पायल्याच, मग खरी कोणती?

मागच्या महिन्यात जुन्या घराचा माळा आवरायला काढला. सांदीत दोन पायल्या निघाल्या. एक आमच्या घरची, कळमनुरी तालुक्यातली. दुसरी आजीच्या माहेरची, सेनगावच्या पलीकडं वाशीमच्या शिवेला लागून असलेल्या गावातली. आजीनं ती लग्नानंतर कधीतरी मागून आणली होती म्हणे. दोन्ही लोखंडी, दोन्ही गंजलेल्या, बघायला सारख्याच.

सहज म्हणून दोन्हीत ज्वारी भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन ठेवली. जवळपास सहाशे ग्रॅमचा फरक निघाला! आईला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "असू दे की. दोन्ही पायल्याच आहेत."

त्या उत्तरानं मला पंधरा दिवस झोपू दिलं नाही. कारण आई चुकीचं काहीच बोलत नव्हती. ज्या गावात एकच पायली चालते तिथं ती छोटी की मोठी हा प्रश्नच नसतो. बलुतं त्याच पायलीनं, उसनवारी त्याच पायलीनं, बी-बियाणं त्याच पायलीनं. भांडण लागतं ते दुसऱ्या गावची पायली शेजारी येऊन बसते तेव्हा. आणि आपला हिंगोली जिल्हा तर शंभर वर्षं दुसऱ्याच्या पायलीशेजारी बसलेला मुलूख.

नव्या पोरांसाठी आधी कोष्टक सांगतो. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. कुठं बारा पायल्यांचा मण, कुठं सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी. आता गंमत बघा. कोष्टक सगळ्यांचं जवळजवळ एकच, भांडं मात्र प्रत्येकाचं वेगळं. त्यात ही सगळी भरून मोजायची मापं, तोलायची नव्हेत. हातानं हळूच ओतलं तर दाणा कमी बसतो, उंचावरून ओतून भांडं हलवलं तर जास्त. सपाट माप वेगळं, शिगेचं माप वेगळं. देताना सपाट आणि घेताना शिगोशीग ही सावकाराची जुनी खोड. आषाढात भाव चढलेला असताना धान्य उसनं न्यायचं आणि सुगीत सवाईनं नाहीतर दिढीनं परत करायचं. सवाई म्हणजे सव्वापट. पण नेलं सपाट आणि फेडलं शिगेनं, तर ती सवाई प्रत्यक्षात कितीला पडली हे कोणत्या वहीत लिहिलेलं सापडणार? "मापात पाप" ही म्हण आपल्याकडं उगाच रुजलेली नाही.

खळ्यावर रास मोजताना मोजणारा पहिल्या पायलीला "एक" म्हणत नसे, "लाभ" म्हणे. लाभ, दोन, तीन... मला ही पद्धत फार आवडते. पण त्या "लाभ"मध्ये कुणाचा लाभ, हे माप कुणाच्या हातात आहे यावर ठरायचं.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी राजाला तक्रारींच्या याद्या पाठवल्या. त्यात पुन्हा पुन्हा येणारी एक मागणी होती की जमीनदाराचं माप बंद करा, सगळीकडं एक वजन एक माप करा. खंड धान्यात भरायचा, आणि मोजायचं भांडं जमीनदाराच्या वाड्यातलं. त्या रागातून पुढं मीटर आणि किलोग्राम जन्माला आले. किलोग्राम म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा आठवते. त्याच्या मुळाशी मात्र खळ्यावरचं भांडण आहे.

आता आपल्या मुलखाकडं येऊ.

हिंगोली निजामाच्या राज्यात. इथं कंटिंजंटची छावणी होती, तिचा खर्च भागवायचा म्हणून १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं. म्हणजे आपल्या उत्तरेची शीव ही नुसती तालुक्याची शीव राहिली नाही. अलीकडं हिंगोली, पलीकडं वाशीम-पुसद, आणि मधल्या दहा-पंधरा मैलांत पैसा बदलायचा, वर्ष बदलायचं, कायदा बदलायचा. हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतो. गावाच्या नावातच नाका आहे. निजामाच्या राज्यात हद्दीवर करोडगिरीचे नाके असत, मालावर जकात बसे.

पैशाचं बघा. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. त्याआधी तर याहून गोंधळ. पेशवाईतले अंकुशी, चांदवडी, असे किती प्रकारचे रुपये बाजारात फिरत. रुपया म्हणजे रुपया असं नव्हतंच. सराफ नाणं वाजवून, घासून बघायचा आणि बट्टा कापून द्यायचा. आपण "नावाला बट्टा लागला" म्हणतो तो हाच बट्टा. पहिल्या सालारजंगानं ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद करून हैदराबादेत एकच हाली रुपया आणला. राज्याच्या आतला गोंधळ कमी झाला. पण हाली आणि कलदार यांची जोड लावायचीच होती. ढोबळ हिशेब सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवेत तर एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै मोजा. विचार करा, वाशीमच्या बाजारात बैल विकून आलेला आपला माणूस हा हिशेब डोक्यात करत परत येत असेल. जमला तर ठीक. नाही जमला तर नाण्याच्या बदलात बसलेला माणूस त्याच्यासाठी करून द्यायचा, आपला वाटा ठेवून.

दोन गोष्टी "एका मापात" आणणं म्हणजे काय, ते मला इथं समजतं. सात हाली आणि सहा कलदार यांत चांदी-बिंदीपेक्षा महत्त्वाची वस्तू एकच: तो सातास सहा हा भाव. भाव सगळ्यांना माहीत असेल तर दोन नाणी सोबत नांदतात. भाव एकालाच माहीत असेल तर तो एकटा दोन्हीकडून खातो.

वर्षाचंही तेच. निजामी दप्तरात फसली सन. आझर, दै, बहमन अशा महिन्यांचा. इसवी सन काढायचं तर फसलीत ५९० मिळवायचे, आणि महिना कोणता त्यावरून कधी ५९१. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे आपला मुक्तिसंग्राम दिन, हा दप्तराच्या हिशेबानं १३५७ फसलीतला दिवस. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा हे कितीतरी घरांना नव्यानं कळलं. कागद उर्दूत नाहीतर मोडीत, सन फसली. पणजोबाचं नाव सापडतं, पण ते कोणत्या वर्षीचं हे कळायला माणूस शोधावा लागतो. तुमची बाजू कोणतीही असो, आपल्याच घराण्याचा कागद आपल्याला वाचता येऊ नये हे काही बरं नाही.

वजनात आपल्याकडचा मोठा व्यवहार पल्ल्यानं चाले. १२० शेरांचा पल्ला. शेर ८० तोळ्यांचा, तोळा इंग्रजी रुपयाच्या भाराचा. आजच्या हिशेबात शेर ९३३ ग्रॅमचा, पल्ला ११२ किलोला अगदी थोडा कमी. बंगालचा मण चाळीस शेरांचा, ३७ किलोंच्या वर. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोही नाही. मद्रासचा २५ पौंडांचा. नाव एकच, मण! कापसाची मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, आणि ती अजून मेली नाही बरं का. आजही कापसाच्या रुईचा भाव बातम्यांत खंडीला येतो, ती ही ३५६ किलोंची खंडी. आपण कपाशी विकतो क्विंटलनं, बाजार बोलतो खंडीनं, आणि मधली जिनिंगची टक्केवारी ज्याला माहीत तो शहाणा.

बाजारात माप सरळ करायचा पहिला कायदाही आपल्या शेजारीच झाला. १८८६ मध्ये कारंजा इथं, आजच्या वाशीम जिल्ह्यात, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. शेतकऱ्याच्या कळवळ्यानं आला का? फारसा नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना रास्त भावात स्वच्छ कापूस हवा होता. लांब बसलेल्या गिऱ्हाइकाला गावचं भांडं चालत नाही, त्याला सगळीकडं एकच वजन लागतं. निजामाच्या राज्यात बाजाराचा कायदा आला १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली. कायदा कुणाच्या सोयीसाठी आला हे एक, आणि त्यातून कुणाला काय मिळालं हे दुसरं. काटा एकदा बाजारात उभा राहिला की शेतकऱ्यालाही त्याच्याकडं बोट दाखवता येतं. शिगेच्या पायलीकडं बोट दाखवून काय म्हणणार?

एक मजेची गोष्ट सांगायची राहिली. मीटर हा शब्द हिंगोलीत किलोच्या कितीतरी आधी आला, रुळांवरून. पूर्णा-हिंगोली रेल्वे १९१२ ची, मीटर गेज. हे "मीटर" इथं कसं? तर १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारचा विचार होता की हिंदुस्थानात फ्रेंच मापं आणायची. १८७१ चा कायदाही झाला, त्यात शेर म्हणजे चक्क एक किलोग्राम धरला होता. त्याच भरवशावर छोट्या रुळांची रुंदी फुटाइंचांऐवजी बरोबर एक मीटर ठेवली. पुढं तो कायदा कधी अमलात आलाच नाही. माप गेलं, रूळ राहिले. आणि अकोल्याला गाडी बदलायचा त्रास आपल्या कैक पिढ्यांनी भोगला, कारण आपले रूळ एक मीटरचे आणि मोठ्या लाइनीचे साडेपाच फुटांचे. अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला २००८ च्या सुमारास. दोन रूळ एका मापात नसले की काय होतं, ते डोक्यावर ट्रंक घेऊन प्लॅटफॉर्म बदललेल्या माणसाला विचारा.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्या आजोबांच्या पिढीनं चौदा वर्षांत काय काय बदललेलं पाहिलं, ते एका ओळीत कुणी मांडत नाही. १९४८ ला राज्य बदललं. १९५० पासून हालीबरोबर भारतीय रुपया आला, भाव तोच सातास सहा. १ नोव्हेंबर १९५६ ला परभणी जिल्ह्यासकट, म्हणजे आपल्यासकट, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नये पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्राम यायला लागला. १९५९ मध्ये हाली नाणं कायमचं बाद झालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र. एप्रिल १९६२ पासून शेर-मण कायद्यानं बंद. राज्य, रुपया, पैसा, वजन, सगळं. आणि ही बहुतेक माणसं शाळेत न गेलेली!

यातला प्रत्येक बदल म्हणजे रोजच्या व्यवहारात एक फट. आण्याचे नये पैसे सव्वासहा. पाव पैसा तर नाहीच. म्हणून तक्ता आला: एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. म्हणजे चार वेळा एकेक आण्याची वस्तू घेतली तर २४ पैसे, आणि एकदम घेतली तर २५. एका पैशाचा प्रश्न, पण दिवसाला दोनशे गिऱ्हाईक असलेल्या दुकानात तो पैसा कुणाच्या बाजूला पडायचा?

वजनात फट याहून मोठी. शेरापेक्षा किलो ६७ ग्रॅमनं जड. गिऱ्हाईक म्हणून शेराच्या भावात किलो मिळाला तर आपली चैन. पण शेतकरी म्हणून शेराच्या भावात किलो दिला तर? शंभर किलोमागं साडेसहा किलोंहून जास्त माल फुकट गेला. आमचे आजोबा सांगायचे की पहिली दोन-तीन वर्षं ते बाजारात घरचा शेराचा दगड घेऊन जायचे, कुणी हसलं तरी. आडतीवर किलोत तोललेलं मनातल्या मनात शेरात फिरवायचे आणि मगच सौदा करायचे. आडत्या वैतागायचा. आजोबा म्हणायचे, "वैताग की. माल माझा हाय."

मला वाटतं तो दगड म्हणजे अडाणीपणा नव्हता. नव्या मापावर भरवसा ठेवायच्या आधी ते जुन्या मापानं त्याची परीक्षा घेत होते. भरवसा बसला तेव्हा दगड घराच्या कोपऱ्यात गेला, दार अडवायला.

हा भरवसा येतो कुठून? तुमच्या दुकानातल्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी. निरीक्षकाची वजनं त्याहून वरच्या वजनांशी ताडलेली, ती आणखी वरच्या, असं करत करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जाते. तिथं ठेवलाय ५७ नंबरचा किलो, प्लॅटिनम-इरिडियमचा. तो पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या मूळ किलोची नक्कल. आणि गंमत म्हणजे २० मे २०१९ पर्यंत सगळ्या जगाचा किलो म्हणजे तिकडं तीन किल्ल्यांच्या कपाटात ठेवलेलं ते एक भांडंच होतं. आजीच्या पायलीसारखंच! शंभर वर्षांत तो मूळ तुकडा आणि त्याच्या नकला यांत काही मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. कोण हलका झाला, कोण जड, हे सांगायची सोय नाही, कारण व्याख्येनं मूळ तुकडाच बरोबर. शेवटी शास्त्रज्ञांनी ते भांडं सोडून निसर्गातल्या एका स्थिरांकावर किलो बांधला.

आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, लायगो उभं राहतंय. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्याही काही हजाराव्या भागाइतका फरक पडला तर पकडणार. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटी मान्य केले. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिल्यांदा गुरुत्वीय लहर सापडली. लोकांनी विश्वास का ठेवला? तर तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांनी सात मिलिसेकंदांच्या फरकानं तीच थरथर नोंदवली म्हणून. एकाच यंत्रानं सांगितलं असतं तर ती एका गावची पायली झाली असती.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आता सगळं एका मापात आलं, प्रश्न मिटला. मिटला का? सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर जा. काटा बरोबर, किलो बरोबर, हमीभाव कागदावर: २०२४ च्या खरिपाला ४८९२ रुपये. मग ओलावा मोजायचं यंत्र येतं. बारा टक्क्यांवर गेला की माल परत. त्या वर्षी ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात केंद्रानं मर्यादा पंधरा टक्के केली, तोवर कितीतरी जणांनी गरजेपोटी व्यापाऱ्याला घालून टाकलं होतं. काट्यावरचा शिक्का आपण तपासतो, ओलाव्याच्या यंत्रावर शिक्का आहे का हे विचारलंय कधी?

पावसाचं त्याहून वाईट. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. चांगला, सगळ्यांना सारखा नियम. पण मोजायचं यंत्र महसूल मंडळाला एक. मंडळात पंधरा-वीस गावं. यंत्रावर ६२ पडला आणि तुमच्या शिवारात ढगफुटी झाली, तर कागदावर तुमचं रान कोरडं. पैसेवारीतही हेच, ५० पैशांच्या वर की खाली यावर गावाचा दुष्काळ ठरतो. म्हातारी माणसं अजून तिला आणेवारीच म्हणतात. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, ही भाषा १९५७ लाही गेली नाही. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी. नावातच बघा, पहिली "नजर" आहे.

म्हणून मी एक माप असावं याच्या पूर्ण बाजूचा, पण यंत्र कुठं ठेवलंय हे बघितल्याशिवाय नाही. शिगेच्या पायलीला उत्तर किलो होतं. मंडळाच्या पर्जन्यमापकाला उत्तर जुन्या काळात परत जाणं नाही, गावागणिक पर्जन्यमापक हे आहे. याच जिल्ह्यात प्रोटॉनहून बारीक मोजायची तयारी चाललीय, मग माझ्या गावात पडलेला पाऊस मोजणं एवढं अवघड का असावं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला पैसे पडत नाहीत.

असो. त्या दोन पायल्या आता बैठकीत मांडून ठेवल्यात. तुमच्या घरी जुनी पायली असेल तर एक काम करा. कोरडी ज्वारी भरा, सपाट करा, काट्यावर ठेवा आणि वजन इथं खाली लिहा, गावाच्या आणि तालुक्याच्या नावासकट. वसमत आणि सेनगावची आकडेवारी आली तर फार बरं होईल. शीग लावून मोजू नका मात्र.